वच्छलाचं चालतं टेबल

मागच्या आठवड्यात नागपूरहून मशीन दुरुस्त करणारा माणूस आला. आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात दोन मशीनं आहेत, ज्यांच्यावर चालत चालत काम करतात. समोर टेबल आणि खुर्चीच्या जागी खाली फिरणारा पट्टा. बटण दाबलं की पट्टा मागं पळतो, माणूस पुढं चालतो, आणि राहतो तिथल्या तिथंच. त्यातलं खिडकीजवळचं मशीन करकर करू लागलं होतं. त्या माणसानं पट्टा ढिला केला, खाली हात घातला आणि एकेक वस्तू काढून पेपरवर ठेवू लागला. मूठभर लसणाच्या साली. तुरीच्या डाळीचे दाणे. तांदळातले खडे. वाळलेलं झेंडूचं फूल. हिरव्या बांगडीचा तुकडा.

"हे ऑफिस आहे का स्वयंपाकघर?" त्यानं विचारलं.

हेडक्लार्क निखाडेबाबूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. संगणकावर बसणारी रश्मी मॅडम उगाच कागद चाळू लागली. मग सगळे माझ्याकडं पाहू लागले, कारण तो सगळा कचरा माझ्या बायकोचा होता.

"स्वयंपाकघरच समज," मी म्हटलं. "काढ, पण फेकू नको."

माझी बायको वच्छला त्या ऑफिसात चहा करायची. मी गेटवर चौकीदार. समुद्रपूरच्या बाहेर, डांबरी रस्त्याला लागून जिनिंग आहे. एकाच मालकाकडं नवरा-बायको नोकरीला असले की लोकांना वाटतं, दिवसभर सोबत. कसली सोबत? ती आत, मी बाहेर. चहा देताना ती मला इतरांसारखाच कप द्यायची आणि इतरांसारखंच म्हणायची, "कप वापस आणून ठेवजा."

तिला जाऊन आठ महिने झाले. लोक सांगतात, दुःख हळूहळू कमी होते. काही कमी होत नाही. लोक खोटं बोलतात आणि आपण मान हलवतो.

ती अल्लीपूरची. उंचीनं माझ्या खांद्याला, आवाजानं माझ्या डोक्याच्या वर. चालायची अशी, की मागं कुत्रं लागलं आहे. लग्न होऊन आली तेव्हा मी दोन पावलं पुढं आणि ती मागं, असं चालायची रीत होती. ती रीत वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत टिकली. तिथून पुढं ती पुढं गेली आणि मग चाळीस वर्षं पुढंच राहिली. मी तिचं तोंड पाहिलं त्याच्यापेक्षा तिची पाठ जास्त पाहिली.

तिनं कधी बसून चहा घेतला नाही. उभ्यानं, दोन घोटांत, पाणी प्यावं तसा. अंतर भाकरीत मोजायची. कोणी विचारलं, मावशी, बसस्टँड किती दूर? तर म्हणायची, "तीन भाकरी." म्हणजे तीन भाकरी भाजायला जेवढा वेळ लागतो तेवढं. नवीन माणूस गोंधळायचा, पण अंदाज कधी चुकायचा नाही. भात मात्र तिला जमला नाही. चाळीस वर्षांत एकदाही नाही. कधी चिखल, कधी छर्रे. मी एकदा बोललो तर म्हणाली, "भात खाले लग्न केलं का?" तेव्हापासून भाकरीच.

ती वस्तूंशी बोलायची. गॅसच्या शेगडीशी तर बहिणीसारखी. दूध वर यायला लागलं की, "थांब वं माय, आली न!" सिलिंडर संपला की त्याला शिव्या. माणसाशी मात्र ती कमी बोलायची. माणसाला ती पाहायची. आणि माणसांबद्दल तिचं एकच शास्त्र होतं, ते कोंबड्यांवरून आलं होतं.

आमच्या अंगणात सात-आठ कोंबड्या. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की एकही बाहेर येत नाही. दारात दाटी करतात, माना लांब करतात, एकमेकीकडं पाहतात. मग त्यातली एखादी, का कोण जाणे, पाय बाहेर टाकते. ती निघाली की बाकीच्या अशा धावतात, जसं आत विस्तव पडला.

"माणसाचं बी असंच हाय," वच्छला म्हणायची. "दार उघडंच असते. पयली कोंबडी निघाली पाह्यजे."

आता माझ्या काळजाचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तीन वर्षांमागं, कापसाच्या गाड्या आत घेताना मी गेटवरच छातीला हात लावून खाली बसलो. छोटे शेठनं, म्हणजे शेठजींच्या मुलानं, आपल्या गाडीत घालून वर्ध्याला नेलं. वाचलो. निघताना डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, बिडी सोडा, आणि रोज अर्धा तास चाला. चालला नाहीत तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही."

वच्छला माझ्या बाजूला उभी होती. "डॉक्टरसाहेब, हे मलेच सांगा. ह्यायचे कान गेटवर राह्यले."

बिडी सोडली. गोळ्या ती तोंडात कोंबायची. चालणं मात्र जमेना. जमेना म्हणजे पाय चालत होते, लोक चालू देत नव्हते. आमच्याकडं रस्त्यानं माणूस निघाला की समोरचा विचारतो, कुठं निघाले? शेतात म्हणा, दवाखान्यात म्हणा, मयतीला म्हणा, काही तरी म्हणावं लागतं. मी पहिल्या दिवशी निघालो. नळाजवळ एकानं विचारलं, "कुठं निघाले काका?"

"कुठंच नाई."

तो थांबला. "घरी सारं बरं हाय न?"

पुढं दुसरा. पुढं तिसरा. चौथ्यानं मोटारसायकल थांबवली. "बसा."

"नाई गा, मी चालून राह्यलो."

"अरे, मले काय लाजता! बसा म्हनतो न."

दंडाला धरून बसवलं. मग विचारतो, "कुठं सोडू?" आता काय सांगणार? म्हटलं, घरी सोड. वच्छला अंगण झाडत होती.

"झाला अर्धा तास?"

"सात मिनिटं."

"अन् हे गाडीवर कायचं चालनं हाय?"

दुसऱ्या दिवशी शेजारीण तिला हळूच विचारायला आली, की काल काका रागानं घर सोडून गेलते म्हणे, भांडण झालं का? तेव्हा मी सांगून टाकलं, "मेलो तरी चालत नाई."

"मेल्यावर गरजच नाई," ती म्हणाली. "चौघं नेतात."

हसली नाही. त्या दिवसापासून माझं चालणं हा तिच्या पोटातला गोळा होऊन बसला. मला जेवताना दिसायचं, ती माझ्या छातीकडं पाहते आहे, जसं दुधाकडं पाहायची.

त्याच वर्षी दसऱ्याच्या दोन दिवस आधी ही मशीनं आली. छोटे शेठ बाहेर शिकून आलेला, मनानं चांगला. त्याचं म्हणणं, दिवसभर खुर्चीत बसून बसून माणूस आजारी पडतो. खोटं नव्हतं. निखाडेबाबूंना साखर होती, बाकीच्यांचे गुडघे आणि पोटं. तर त्यानं ही चालती टेबलं मागवली, आणि चूक एवढीच झाली की दसऱ्याच्या आधी मागवली.

दसऱ्याला आमच्याकडं साऱ्या मशीनची पूजा होते. सरकी वेगळी करणाऱ्या मशीनपासून वजनकाट्यापर्यंत. पुजारी आला, त्याला कोणी सांगितलं नाही हे काय आहे. त्यानं या दोन्हींना हळद-कुंकू लावलं, पट्ट्यावर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. सगळ्यांनी हात जोडले. झालं. दुसऱ्या दिवशी छोटे शेठ म्हणाला, चला, कोण पहिला चढतो?

निखाडेबाबू खुर्चीतून उठले नाहीत. म्हणाले, "छोटे शेठ, कालच पूजा केली न आपन. लक्ष्मीले पाय कसा लावाचा?"

निखाडेबाबू म्हणजे आमच्या ऑफिसचं घड्याळ. त्यांनी डबा उघडला की साऱ्यांचे डबे उघडायचे. त्यांनी स्वेटर काढला की थंडी संपली. चहासुद्धा पहिला त्यांना, आणि त्यांनी पहिला घोट घेऊन "हं" म्हटल्याशिवाय दुसरा कोणी कपाला तोंड लावत नसे. ते नाही म्हणाले म्हणजे दहा माणसं नाही म्हणाली. आठ दिवसांत एका मशीनवर फायली चढल्या, दुसऱ्यावर कोणाचा तरी रेनकोट.

छोटे शेठ हट्टी. त्यानं स्वतः चालून दाखवलं. बूट काढून चढला, बटण दाबलं, टेबलावर लॅपटॉप ठेवून चालू लागला. आता मालक चालतो आहे आणि आपण बसलो, हे बरं दिसेल का? सगळे उठून उभे राहिले. बाजूच्या मशीनवर चढावं, तर मालकाच्या बरोबरीनं कसं चालायचं? अर्धा तास एकटा मालक चालला आणि बाकी ऑफिस हात बांधून उभं राहिलं. तो उतरला, घाम पुसला, सगळे बसले. काम कोणीच केलं नाही. मग त्यानं भिंतीवर काळजाचं मोठं रंगीत चित्र लावलं, खाली काही लिहिलेलं. चित्राचा खिळा मजबूत होता. लोक त्याला डब्याच्या पिशव्या अडकवू लागले.

शेवटी एक दिवस चहा घेता घेता तो रश्मी मॅडमला म्हणाला, "संक्रांत तक देखता हूँ. नाहीतर दोन्ही वापस पाठवून देतो."

वच्छला ट्रे घेऊन तिथंच उभी होती. संध्याकाळी घरी येताना, अर्थात माझ्यापुढं चालत, मान न वळवता म्हणाली, "ऐकलं का? ते मशीन तुमच्यासाठीच बनवलं हाय कोनी तरी. चालसान अन् तिथंच राहसान. 'कुठं निघाले' म्हनून कोनी इचारत नाई."

"मी? बाबू लोकाईच्या टेबलावर चौकीदार?"

"बाबू लोक चालले त चढसान?"

"सारे चालले त पाहीन," मी म्हटलं.

मी टाळलं होतं. तिनं ते वचन धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जागेवर बसले, तेव्हा वच्छलानं एका मशीनवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या. चपला काढल्या. पट्ट्याला हात लावून कपाळाला लावला. टेबलावर लसणाची थाळी ठेवली आणि चढली. बटणं तिनं छोटे शेठला दाबताना पाहून ठेवली होती. पट्टा सरकला, बांगड्या वाजल्या, आणि ती चालत चालत लसूण सोलू लागली.

मी दारातून पाहत होतो. मला वाटलं, आता नोकरी जाते दोघांची.

निखाडेबाबू म्हणाले, "वच्छलाबाई! पूजेच्या वस्तूवर पाय?"

ती चालतच. "बाबू, पोळ्याले बैलाची पूजा करता न?"

"करतो."

"शिंगं रंगवता, पुरनपोळी चारता, पाया पडता?"

"हाव."

"मंग पोळा झाल्यावर त्याले औताले जुंपत नाई का? का बारा मयने त्याच्यापुढं उदबत्ती लावून बसता अन् सोता वखर ओढता?"

निखाडेबाबूंच्या घरी शेती. त्यांनी समोरची फाईल ओढली. रश्मी मॅडम टेबलाखाली वाकली, काही तरी शोधायला. पण चढलं कोणीच नाही. वच्छलानं चार दिवस लसूण सोलला, डाळ निवडली, तांदूळ निवडले. लोक येता-जाता पाहायचे, हसायचे आणि बसायचे.

"पयली कोंबडी निघाली, तरी बाकीच्या आतच हायत," मी घरी तिला चिडवलं.

"मी कोंबडी नोहो त्यायच्यासाठी," ती म्हणाली. "मी खुराडं उघडनारी. कोंबडी निखाडेबाबू हाय."

पाचव्या दिवशी दुपारी चहा झाला. वच्छलानं निखाडेबाबूंचा कप त्यांच्या टेबलावर ठेवलाच नाही. मशीनच्या टेबलावर ठेवला, पार पलीकडच्या टोकाला, काठोकाठ भरून. बाकीच्यांना कप दिले. सगळे कप धरून बाबूंच्या "हं" ची वाट पाहत बसले.

"माहा च्या?"

"तिकडं हाय, बाबू. हात भरले होते माहे."

बाबू उठले. पूजेचं मशीन म्हणून चपला काढल्या, हात कपाळाला लावला, आणि पट्ट्यावर उभं राहून कप उचलला. तेवढ्यात वच्छलानं बटण दाबलं. एकदम हळू, एकावर.

"वच्छलाबाई!"

"चाला बाबू, चाला! नाई त सांडते!"

काय करतो माणूस? खाली पट्टा सरकतो आहे, हातात भरलेला कप, अंगात पांढरा शर्ट. बाबू चालू लागले. दोन्ही हातांनी कप धरून, डोळे चहावर, जसं कोणी ताटात दिवा घेऊन चालतं. चहा सांडू नये म्हणून एक घोट घेतला. आणि सवयीनं तोंडातून निघालं, "हं."

साऱ्या ऑफिसनं चहाला तोंड लावलं. रश्मी मॅडमला मात्र हसू फुटलं आणि चहा नाकात गेला.

बाबू लाल झाले. पण घड्याळ आहेत ते, उलटं कसं फिरणार? म्हणाले, "हसाले काय झालं? मी मुद्दामच चालून राह्यलो. याच्यानं साखर कमी होते."

आता मुद्दाम चालतो म्हटलं, म्हणून उतरता येईना. कप रिकामा झाला तरी चालत राहिले. मग म्हणाले, ती फाईल द्या इकडं. फाईल दिली. मग दुसरी. त्या दुपारी निखाडेबाबूंनी चालत चालत आठवड्याचं काम उरकलं आणि उतरल्यावर जमीन हलते म्हणून भिंतीला धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी रश्मी मॅडम चढली. तिसऱ्या दिवशी रांग लागली. खिडकीजवळच्या मशीनला वारा यायचा, त्याच्यासाठी भांडणं होऊ लागली. बाबूंनी वेळा ठरवून दिल्या आणि पहिली वेळ स्वतःला ठेवली. वच्छलानं आपला कायदा केला: चालणाऱ्याला अद्रकचा चहा, बसणाऱ्याला साधा. अद्रक नसला तर माणूस मरत नाही. पण बाजूच्याला वास येतो आणि आपल्याला नाही, हे कोणाला सहन होत नाही. जो तो चढताना पट्ट्याला हात लावून पाया पडायचा, अनवाणी, कारण वच्छलानं तसं केलं होतं. एकदा छोटे शेठनं नागपूरचा एक व्यापारी कौतुकानं पाहायला आणला. त्यानं पाहिलं, दोन माणसं अनवाणी चालत आहेत, दोन हात जोडून थांबली आहेत. त्यानं छोटे शेठला बाजूला घेऊन विचारलं, "ही मंडळी कोणाची भक्त आहेत?"

छोटे शेठला वाटलं, भिंतीवरच्या काळजाच्या चित्रानं काम केलं. त्यानं वच्छलाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हाव न बाप्पा. चित्रच लय भारी हाय." आणि चित्रावरच्या पिशव्या काढून दुसऱ्या खिळ्याला लावल्या.

राहिलो मी. मला साधा चहा. एक आठवडा, दोन आठवडे. गेटवर माझ्यासमोर कप ठेवायची आणि जायची. आतून अद्रकचा वास यायचा. मला वाटायचं, चौकीदार माणूस, खाकी कपडे, माझं टेबलावर काय काम? खरं सांगायचं तर भीती होती. हसतील.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी कप ठेवायला आत गेलो. निखाडेबाबू मशीनवर होते. चालता चालता म्हणाले, "काऊन गा महादेव, तुहं काळीज का वेगळ्या दुकानातलं हाय? सारे चालून राह्यले. चढ न."

बाजूचं मशीन रिकामं होतं. ते रिकामं कसं, हे मला तेव्हा कळलं नाही. रश्मी मॅडमची वेळ होती ती. मी सगळ्यांकडं पाहिलं. कोणी हसत नव्हतं. कोणी पाहतसुद्धा नव्हतं, आणि म्हणूनच मला जमलं. जोडे काढले, हात कपाळाला लावला, चढलो. वच्छलानं येऊन माझ्यापुढं लसणाची थाळी आपटली.

"रिकामे हात लटकवून चालाचं नाई."

आणि पाठ करून शेगडीकडं गेली. मी लसूण सोलत चाललो, बाजूला हेडक्लार्क सह्या करत चाललेला. वच्छलाचे खांदे हलताना दिसत होते. मला वाटलं, हसते आहे. हसू दे. रश्मी मॅडमनं आता सांगितलं, की रडत होती आणि शेगडीला म्हणत होती, "निंघाले वं माय, निंघाले."

घरी येताना मी विचारलं, "साऱ्या ऑफिसले चालवलं ते माह्यासाठी?"

"तुमी एकटे चालत नोते. मंग साऱ्याइले चालवा लागलं."

मशीनं वापस गेली नाहीत. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, काळीज चांगलं आहे. वच्छला उभ्यानंच म्हणाली, "मशीनवर हाय ते." डॉक्टर घाबरले. समजावून सांगायला वेळ लागला.

आता जे सांगायचं ते एकदाच सांगतो. तिचं काळीज कोणी तपासलं नाही. दर तीन महिन्यांनी ती माझ्यासोबत त्याच डॉक्टरांकडं यायची, त्याच खोलीत, स्टूल रिकामं असलं तरी उभी राहायची. मी एकदा म्हणायला पाहिजे होतं, साहेब, हिचंही पाहा. म्हटलं नाही. ती चालत होती म्हणून मला वाटलं, ठीक आहे. हिंगणीला पोरीच्या घरी गेली नातवाच्या बारशाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून पाणी आणताना अंगणात बसली. पोरगी म्हणते, मी आईला बसलेलं पाहिलं तेव्हाच समजले.

तेरवीनंतर मी कामावर गेलो. दोन्ही मशीनवर चादर टाकलेली. कोणी चालत नव्हतं. माझ्यामुळं. ज्यानं चालावं त्याला वाटायचं, बाईला जाऊन चार दिवस झाले नाहीत आणि हा चालतो. आणि मी चढलो असतो तर म्हटले असते, पाहा, बायको गेली आणि हा लागला चालायला. सगळे खुर्चीत बसून एकमेकांकडं पाहत होते. चहा रश्मी मॅडम करायची, पाण्यासारखा. असे पंधरा दिवस गेले. जिना चढताना मला छातीत जड वाटू लागलं. मी कोणाला सांगितलं नाही. तसं कोणाला सांगणार?

एक दिवस दुपारी बाबूंनी चहाचा घोट घेतला आणि "हं" म्हटलं नाही. कप तसाच ठेवून दिला. आणि सारे कप तसेच राहिले. मी दारात उभा होतो. मला आमचं खुराडंच दिसलं, दारात दाटी आणि लांब माना. आत गेलो, खिडकीजवळच्या मशीनची चादर ओढली, जोडे काढले, पाया पडलो आणि चढलो. लसूण नव्हता, हात तसेच लटकत होते. थोड्या वेळानं बाजूच्या मशीनचं बटण वाजलं. बाबू होते.

ते मशीन आता दुरुस्त झालं. बांगडीचा तुकडा मी खिशात ठेवला आहे, टोचतो.

तिला मी शेवटची पाहिली ती समुद्रपूरच्या बसस्टँडवर. वर्ध्याची बस लागली होती, पुढं तिला सेलूवरून हिंगणीला जायचं होतं. खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभा. बस सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं, सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा, जो तिनं पहाटे उठून पोरीसाठी केला होता, बाकावरच राहिला. डबा उचलून मी धावलो.

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. साऱ्या स्टँडला ऐकू गेलं. "धावू नोका! डॉक्टरनं काय सांगतलं? चाला! चाला!"

समोर म्हशी आडव्या आल्या होत्या म्हणून बस हळूहळू सरकत होती. आमच्या मशीनच्या हिशोबानं चारावर. मी खिडकीच्या बरोबरीनं चालू लागलो, डबा वर धरून. ती आत बसलेली, मी बाहेर चाललेला. असं आमच्यात कधी झालं नव्हतं. तिचं तोंड एवढ्या जवळून, एवढा वेळ, मी चालताना पाहिलं नव्हतं. तिनं डबा घेतला. बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून म्हणाली, "पाह्य वं, कसे चालून राह्यले!" आणि हसली, पुढच्या पडलेल्या दाताची फट दिसेपर्यंत.

म्हशी गेल्या. बसनं वेग घेतला, वळणावर वळली. मी चालतच होतो.

मागून पानठेल्यावाला ओरडला, "काका, गाडी गेली न! आता कुठं निघाले?"

"कुठंच नाई," मी म्हटलं, आणि चालत राहिलो.